दुधाचा खाडा आणि फोटोंच्या तारखा

२०२४च्या फेब्रुवारीत आमच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन वाईला घरीच झाले. ताटात कणकेचे ८१ दिवे लावून सगळ्या सुना आणि भाच्या तिला ओवाळत होत्या, आणि नेमक्या त्या क्षणी आईने फोन वर धरला, तेव्हा पडद्यावर सूचना आली की जागा शिल्लक नाही, फोटो काढता येणार नाही. आईने फोन खाली ठेवला आणि औक्षण संपेपर्यंत हात जोडून उभी राहिली. फोटो वहिनींनी काढले, त्यामुळे प्रसंग हुकला असे झाले नाही, पण रात्री सगळे आवरल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "यातलं नको ते काढून टाक बाई. मला कळत नाही काय ठेवायचं."

मी त्या रात्री एकही फोटो काढून टाकला नाही. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी २६ वर्षे काम करते आहे, आणि आमच्या कामाचा एक दंडक असा आहे की जे पुस्तक दाखलनोंदवहीत चढलेले नाही, त्याचे निर्लेखन करता येत नाही. आधी आपल्याकडे काय आहे याची नोंद, मग वर्गीकरण, आणि त्यानंतर काय बाद करायचे याचा विचार. फोनच्या बाबतीत बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. जागा संपली की घाईघाईने बोट फिरवत शे-दोनशे फोटो उडवतात, आठवडाभर फोन चालतो आणि पुन्हा तीच वेळ येते. त्या घाईत काय गेले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही, कारण काय होते हेच कोणाला ठाऊक नसते. पुढचे सात महिने सुट्टीच्या दिवशी मी हे काम केले, आणि ते करताना माझी खात्री पटली की फोटोंचा पसारा हा मुळात संख्येचा प्रश्न नसून तारखांचा प्रश्न आहे. कोणता फोटो कधीचा आहे हे पक्के झाले की बाकीची व्यवस्था जवळजवळ आपोआप लागते, आणि ते पक्के नसेल तर कितीही नेटके अल्बम केले तरी ते पत्त्यांचे बंगले ठरतात.

पहिले काम सगळे एका जागी आणण्याचे होते. आईचा आताचा फोन २०२२ सालचा आहे. त्याआधीचा २०१८ सालचा फोन कपाटात दागिन्यांच्या रिकाम्या डबीशेजारी सापडला, आणि सर्वांत जुना, २०१५ सालचा, बॅटरी फुगल्यामुळे सुरूच करता येण्यासारखा नव्हता. परंतु त्यातील मेमरी कार्ड शाबूत निघाले. दोन्ही फोन केबलने आणि मेमरी कार्ड कार्ड-रीडरने संगणकाला जोडून त्यांतील एकूण एक फाइल मी नव्या हार्ड डिस्कवर उतरवली. त्या ३१,४१२ भरल्या. प्रत्येक उगमासाठी वेगळा फोल्डर केला आणि त्यांत कोणताही बदल न करता त्या डिस्कची दुसरी प्रत काढून बाजूला ठेवली. पुढचे सगळे काम या दुसऱ्या प्रतीच्या भरवशावर झाले; हात चुकला तरी मूळ माल सुरक्षित आहे, ही खात्री असल्याशिवाय अशा कामाला बसू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण तिच्यामुळे माझ्या मामेबहिणीचे मोठे नुकसान झाले. तिच्या फोनमधील फोटो आपोआप इंटरनेटवरील खात्यात जात होते, म्हणून ते तिथे आहेतच, असे समजून तिने फोनमधले सगळे फोटो त्याच अ‍ॅपमधून निवडून उडवले. परंतु अशा खात्यांत फोन आणि खाते यांचे समक्रमण चालू असते. एका बाजूला पुसले की दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. तिच्या लक्षात आले तेव्हा कचरापेटीत फोटो राहण्याची मुदत उलटून गेली होती आणि मुलाच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो गेले होते. समक्रमण म्हणजे प्रत नव्हे. फोन मोकळा करायचा असेल तर खात्यात पोहोचलेले फोटो फक्त फोनमधून काढणारी वेगळी सोय अशा अ‍ॅपमध्ये असते, तीच वापरावी. आणि ती वापरण्यापूर्वीसुद्धा संगणकावरून खात्यात शिरून फोटो खरोखर तिथे आहेत हे डोळ्यांनी पाहावे.

एकत्र केल्यावर दुबार फोटोंचा प्रश्न आला. जुन्या फोनमधून नव्या फोनमध्ये सगळे हलवताना आणि मेमरी कार्डावर पुन्हा उतरवताना तेच फोटो तीन-तीन ठिकाणी गेले होते. अगदी तंतोतंत सारख्या फाइल ओळखणे संगणकाला सोपे जाते. तो प्रत्येक फाइलमधील मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतो आणि दोन ठसे जुळले की त्या फाइल एकच आहेत, असे निर्धास्तपणे म्हणता येते. अशा ९,७३० फाइल मी एका दिवसात बाजूला केल्या. अवघड असतो तो दुसरा प्रकार. आपण काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पाठवलेली प्रतही फोनमध्ये राहते, आणि ती डोळ्यांना सारखी दिसली तरी फाइल म्हणून निराळी असते, कारण पाठवताना तिचा आकार लहान केला जातो. मूळ फोटो ४,००० पिक्सेल लांब आणि चार-पाच एमबीचा, तर पाठवलेली प्रत बहुधा १,६०० पिक्सेलांची आणि दोनशे-तीनशे केबीची. येथे ठशांची जुळणी उपयोगी पडत नाही; चित्राच्या साम्यावरून जोड्या लावणारी सोय लागते. मी डिजीकॅम हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरले आणि प्रत्येक जोडीतील मोठी फाइल ठेवली. मात्र मूळ फोटो हरवला असेल तर ती लहान प्रतच आता मूळ आहे, हे विसरून चालत नाही. आईच्या संग्रहात असे शेकडो फोटो होते.

शुभ सकाळ, शुभ रात्री, एकादशीच्या शुभेच्छा, हळदीचे फायदे सांगणारी चित्रे, निवडणुकीचे फलक यांबद्दल फार लिहीत नाही. ती सुमारे ११,००० होती आणि बहुतेक सगळी व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये असल्यामुळे चार दुपारींत वेगळी झाली. ती पुन्हा साठू नयेत म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आपोआप डाउनलोड होणे बंद केले आणि मीडिया व्हिजिबिलिटीही बंद केली, म्हणजे नव्याने येणारी चित्रे गॅलरीत दिसत नाहीत. आईला आता फोटो पाहायचा असेल तर ती त्यावर बोट ठेवते, मग तो उतरतो. एवढ्या एका बदलाने तिच्या फोनची निम्मी तक्रार मिटली.

या टप्प्यावर मी एका सफाई करणाऱ्या अ‍ॅपची मदत घेऊन पाहिली. त्याने काढून टाकण्याजोगे म्हणून जे फोटो सुचवले त्यांत पावत्या, औषधांच्या पट्ट्या, धूसर फोटो होते, आणि त्यांच्यामध्ये एकसारखे दिसणारे काही फोटो होते, ज्यांवर नुसते चौकोन आणि आकडे. मी एक मोठा करून पाहिला आणि तिथेच थांबले. ते कालनिर्णयचे पान होते, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे, आणि चौकोनांत बाबांचे अक्षर होते.

१९७३ साली सुरू झालेले कालनिर्णय आमच्याकडे माझ्या आठवणीत कायम फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेले आहे. तिथीवार त्यावर पाहिले जातात, पण घराच्या दृष्टीने ती रोजकीर्दच असते. बाबा रोज सकाळी दूध आले की त्या तारखेच्या चौकोनात हिरव्या शाईने "१॥" लिहीत, म्हणजे दीड लिटर. दूधवाला आला नाही तर "खाडा". पाहुणे असले तर "२" आणि खाली कोण आले त्याचे नाव. गॅस लावला की "गॅस", पाणी नसले की "पाणी नाही". महिनाअखेर हिशेब मांडून पान उलटायचे. २०१५ साली एकदा दूधवाल्याशी चार दिवसांच्या खाड्यावरून मतभेद झाला आणि नेमके ते पान काढून कोणीतरी रद्दीत टाकलेले होते. तेव्हापासून बाबांनी आईला सांगून ठेवले की पान उलटण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवायचा. आईने ते काम जून २०१५ पासून नेमाने केले. डिसेंबर २०१९ पर्यंतच्या ५५ महिन्यांपैकी ५२ पाने मला त्या ढिगाऱ्यात सापडली. शेवटच्या पानावर ७ डिसेंबरच्या चौकोनात "१॥" आहे आणि त्यापुढचे सगळे चौकोन कोरे आहेत. जानेवारी २०२० पासून निळ्या शाईने आईचे अक्षर सुरू होते आणि दूध एक लिटर होते.

त्या दिवशी मी ते अ‍ॅप काढून टाकले. जुळी फाइल ओळखणे हे यंत्राचे काम आहे आणि ते यंत्र चोख करते. पण कोणत्या फोटोला मोल आहे हे ठरवणे त्याच्याकडे सोपवू नये. पावती आणि बाबांचे अक्षर यांत फरक करायला घरातले माणूसच लागते.

आता तारखांकडे वळते. कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक अदृश्य चिठ्ठी असते. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगविकास संघटनेने १९९५ साली ठरवलेल्या एक्झिफ या पद्धतीनुसार त्या चिठ्ठीत फोटो काढल्याचा दिवस आणि वेळ, कॅमेऱ्याचे नाव, आणि फोनने परवानगी घेतलेली असेल तर ठिकाणही लिहिलेले असते. संगणकावर फाइल उतरवली की फाइलची 'तयार झाल्याची तारीख' म्हणून आजचीच तारीख दिसते आणि लोक घाबरतात. पण ती तारीख त्या प्रतीची असते. आतली चिठ्ठी तशीच राहते आणि विश्वास ठेवायचा तो तिच्यावर. फाइलच्या नावावर विसंबू नये. काही कंपन्यांचे फोन तारीख आणि वेळ नावातच घालतात, परंतु गूगलचे पिक्सेल फोन जे नाव देतात त्यातली वेळ ग्रिनिचच्या प्रमाणवेळेनुसार असते, म्हणजे आपल्याकडच्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे काढलेला फोटो नावावरून आदल्या दिवशीचा वाटतो. आयफोन तर नुसते क्रमांक देतो आणि ९,९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. शिवाय जुन्या फोनच्या चिठ्ठीत वेळ कोणत्या देशाची हे लिहिलेले नसते, कारण त्यासाठीचा रकाना एक्झिफमध्ये २०१६ साली आला. माझा चुलतभाऊ दुबईहून आला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याचे घड्याळ दीड तास मागे होते, त्यामुळे भाचीच्या बारशाच्या फोटोंत पाळणा आधी आणि पाहुण्यांचे स्वागत नंतर, असा उलटा क्रम लागला होता. हे दीड तास त्या सगळ्या फोटोंत एकदम मिळवता येतात.

खरी अडचण ती चिठ्ठीच नसलेल्या फोटोंची. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ही चिठ्ठी निघून जाते. फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो मिळाल्याची असते, काढल्याची नसते. घरच्या मंडळींना फोटो पाठवताना तो दस्तऐवज म्हणून पाठवला तर मूळ आकार आणि चिठ्ठी दोन्ही टिकतात, हे आता आमच्याकडे सगळ्यांना सांगून ठेवले आहे. पण जे फोटो आधीच येऊन पडले आहेत त्यांचे काय करायचे?

त्यांतला एक फोटो मला फार लागला. बाबा ९ डिसेंबर २०१९ रोजी गेले. पुढच्या तेरा दिवसांत नातेवाइकांनी त्यांच्याकडचे बाबांचे जुने फोटो शोधून शोधून घरच्या ग्रुपवर टाकले, आणि आईच्या फोनने ते सगळे त्या तेरा दिवसांच्या तारखांनी साठवले. म्हणून तिच्या फोनमध्ये १४ डिसेंबर २०१९ या दिवशी बाबा वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर भाच्याचा हात धरून हसत उभे आहेत. त्याच्या आधी आणि नंतर दिवसकार्याचे, नदीकाठचे फोटो. आई तिथपर्यंत आली की पुढे जात नसे, हे मला नंतर कळले. मी त्या फोटोची तारीख शोधायची असे ठरवले, आणि मग त्या तेरा दिवसांत आलेल्या सगळ्याच फोटोंची.

साधन हाताशी होतेच. ५२ पानांवरच्या नोंदी मी एका वहीत तारीखवार उतरवल्या. दूध आणि गॅस सोडून फक्त माणसांची आणि गावांची नावे. "नाना आले", "आत्या", "महाबळेश्वर", "सोनी परत गेली", "मेणवली". घरात कोण कधी होते याची ती साडेचार वर्षांची हजेरी झाली. मेणवलीची नोंद दोनदा होती: २४ डिसेंबर २०१७, रविवार, आणि १० नोव्हेंबर २०१८, शनिवार. घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी एक घंटा आहे आणि फोटोत बाबा तिच्याच देवळीजवळ उभे आहेत, त्यामुळे ठिकाणाबद्दल शंका नव्हती. दोन तारखांपैकी कोणती, एवढेच ठरवायचे होते. फोटो मोठा केला. बाबांच्या सदऱ्यावर छातीपासून खाली दोन सरळ रेघा दिसत होत्या. पुठ्ठ्यावर घडी घालून आलेला नवा सदरा पहिल्यांदा घातला की राहतात तशा. भाचा हसत होता आणि त्याचे वरचे दोन्ही पुढचे दात पडलेले होते. २०१८च्या भाऊबिजेचे ९ नोव्हेंबरचे फोटो दादाच्या कॅमेऱ्यातले आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या शाबूत आहेत, आणि त्यांत भाच्याचे तेच दोन दात नाहीत. २०१७च्या नाताळच्या सुट्टीतल्या फोटोंत ते आहेत. कालनिर्णयच्या त्या शनिवारच्या चौकोनात बाबांनी लिहिले आहे, "मेणवली सगळे. दूध २."

तारीख ठरली की ती फाइलच्या आत लिहायची. यासाठी फिल हार्वे यांचे एक्झिफटूल हे विनामूल्य साधन मी वापरले. ते आज्ञा लिहून चालवावे लागते, त्यामुळे पहिले दोन दिवस जड गेले, पण ते मूळ फाइलची प्रत आपोआप बाजूला ठेवून मगच बदल करते, ही त्याची मोठी सोय आहे. वेळ ठाऊक नसेल तेव्हा मी दुपारी बाराची लिहिते आणि तारीख अंदाजाने ठरवलेली असेल तर वर्णनात "अंदाजे" असे लिहून ठेवते, कारण उद्या कोणीतरी ती पक्की समजेल. माणसांची नावे आणि एक-दोन ओळींचे वर्णन डिजीकॅममधून भरले. हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू करताना माहिती फाइलमध्ये लिहायची का, असे विचारते. तेव्हा होकार द्यावा. नाही तर नावे फक्त त्या संगणकावरच्या कोठारात राहतात आणि फाइल दुसरीकडे नेली की मागे पडतात. इंटरनेटवरच्या खात्यांचेही तसेच असते. गूगल फोटोजमधून आपला संग्रह टेकआउटच्या सोयीने बाहेर काढला तर आपण तिथे लिहिलेले वर्णन फोटोशेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये येते. ग्रंथालयात पुस्तकाचा क्रमांक आम्ही नोंदवहीत लिहितो आणि पुस्तकाच्या पाठीवरही चिकटवतो. नोंदवही जळाली तरी पुस्तकाला आपली जागा ठाऊक असावी, एवढाच त्यामागचा विचार असतो.

फोल्डरांची रचना मी मुद्दाम साधी ठेवली: आधी वर्ष, मग महिना, आणि काही विशेष असेल तर पुढे दोन शब्द. "२०१८-११ दिवाळी", "२०१७-१२ मेणवली". वर्ष पुढे असले की संगणक त्यांना आपोआप कालक्रमाने लावतो. सहली, लग्ने, मुले असे विषयवार फोल्डर करण्याचा मोह मी टाळला, कारण लग्नाला जाताना वाटेत काढलेला मुलाचा फोटो कोणत्या फोल्डरमध्ये घालायचा या प्रश्नाला उत्तर नसते. विषय हे नाव म्हणून फोटोला जोडावेत, ते कितीही जोडता येतात. जागा मात्र एकच असते आणि ती तारखेने ठरावी.

निवडीचे काम सर्वांत शेवटी केले. एकाच औक्षणाचे ४७ फोटो होते. आम्ही दोघी शेजारी बसून शेवटच्या फोटोपासून मागे आलो, कारण फोटो काढणाऱ्याचा हात स्थिरावलेला असतो तो शेवटाकडे. चार ठेवले. त्यांतला एक हललेला आहे, पण त्यात आत्या डोळे पुसते आहे, म्हणून आईने तो सोडला नाही आणि तिचे बरोबर होते. गेलेल्या माणसांचे फोटो मात्र आम्ही निवडले नाहीत. ते सगळे ठेवले, धूसरसुद्धा. सगळे झाल्यावर ८,२६४ फोटो उरले.

कागदपत्रांच्या फोटोंसाठी एक वेगळी दुपार घालवली. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा, दवाखान्याचे कागद हे सगळे घरच्या फोटोंमध्ये मिसळलेले होते आणि फोटो दाखवण्यासाठी आई ज्याच्या हातात फोन देई त्याला ते दिसत असत. जी कागदपत्रे डिजीलॉकरमध्ये मिळाली ती तिथे घेतली, बाकीची डिस्कवर स्वतंत्र, कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवली आणि गॅलरीतून काढली.

जतनाबाबत छायाचित्रकार पीटर क्रो यांच्यामुळे रूढ झालेला तीन-दोन-एक हा नियम मी पाळते: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. एक डिस्क पुण्यात माझ्याकडे, एक वाईला आईच्या कपाटात, आणि तिसरी प्रत इंटरनेटवर पैसे भरून घेतलेल्या जागेत. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण थांबली आणि मेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांना मिळून १५ जीबीची मर्यादा लागू झाली. तेव्हापासून फुकट जागेच्या भरवशावर घरचे फोटो सोडू नयेत, असे मला वाटते. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत, वाईला गेले की दोन्ही डिस्क जोडून उघडतात का ते पाहते आणि नवे फोटो दोन्हींवर चढवते. डिस्क कपाटात पडून राहिली तर ती बिघडल्याचे कळायलाही वर्षे जातात.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली मांडणाऱ्या डॉ. रंगनाथन यांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे, आणि या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा मी त्याच नियमाने घेतली. निवडलेले फोटो आईच्या फोनमध्ये परत घातले आणि तिला म्हटले, नानांनी पहिल्यांदा गाडी आणली तेव्हाचा फोटो काढून दाखव. तिने वर्ष आठवले, २०१६चा दसरा आठवला, बोट ऑक्टोबरवर नेले आणि फोटो समोर आला. मग न सांगता ती पुढे सरकत २०१८च्या नोव्हेंबरपाशी गेली. आधी भाऊबिजेचे ताट, नंतर मेणवलीचा घाट, आणि त्यानंतर रविवारी अंगणात वाळत घातलेला तोच सदरा, शेजारी भाच्याचे कपडे. तिने बराच वेळ ते तीन फोटो पुढे-मागे करून पाहिले. "हो, त्या दिवशी दोन लिटर घेतलं होतं," ती म्हणाली, "खीर केली होती."

अजून २१२ फोटोंना तारीख नाही. त्यांचा एक वेगळा फोल्डर आहे आणि त्यांच्या छापील प्रती काढून मी वाईला ठेवल्या आहेत, कारण आत्याला पडद्यावर नीट दिसत नाही. आई रोज दुपारी चार-पाच फोटो घेऊन तिच्याकडे बसते आणि कळले ते मागे शिसपेन्सिलीने लिहिते. काही फोटोंत मागच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले दिसते. फोटो लहान केलेला असला तरी महिन्याचे मोठे नाव वाचता येते, आणि अशा ३१ फोटोंना मी त्यावरून महिना दिला होता. काल आईचा फोन आला. त्यांतल्या एका फोटोत बाबा चटईवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत आहेत आणि मागच्या पानावर एप्रिल वाचता येतो, म्हणून मी तो एप्रिल २०१६चा धरला होता. ते पान आमच्याकडच्या हरवलेल्या तीन पानांपैकी आहे. आईचे म्हणणे असे की ती भिंत आमच्या घरातली नाही. आमच्याकडे पान खिळ्याला फ्रिजच्या उजवीकडे असते, आणि या फोटोत ते खिडकीच्या डावीकडे आहे. हे नानांचे वाईतल्या गंगापुरीतले जुने घर असावे, आणि नानांनी ते घर २०१५च्या पावसाळ्याआधी सोडले. तसे असेल तर हा फोटो निदान एक वर्ष मागे जातो. मी अजून तारीख बदललेली नाही. रविवारी वाईला जाणार आहे, तेव्हा फोटो घेऊन नानांकडे जाईन आणि वहिनींना ती खिडकी ओळखता येते का ते विचारीन.